एमडीसी, क्लोरोफॉर्म, ईडीसी की एमसीबी? उत्कलनबिंदू समोर ठेवून केलेली तुलना

प्रयोगशाळेतली प्रक्रिया प्लांटवर न्यायची वेळ आली की द्रावकाचा प्रश्न नव्याने सोडवावा लागतो. फ्लास्कमध्ये एमडीसी घेतलं, काम झालं, वहीत लिहिलं. पण तेच द्रावक दोन हजार लिटरच्या रिॲक्टरमध्ये, मे महिन्यात, कूलिंग टॉवरच्या पाण्यावर चालेल का, हे फ्लास्क सांगत नाही. क्लोरीन असलेल्या द्रावकांपैकी आपल्याकडे निवडीला येतात ती मुख्यतः चार: एमडीसी म्हणजे डायक्लोरोमिथेन, क्लोरोफॉर्म, ईडीसी म्हणजे १,२-डायक्लोरोइथेन आणि एमसीबी म्हणजे क्लोरोबेंझीन. पाचवं सीटीसी, म्हणजे कार्बन टेट्राक्लोराइड. ओझोनच्या थरासाठी झालेल्या मॉन्ट्रियल करारामुळे ते २०१० पासून भारतात द्रावक म्हणून बाद झालं आहे. निवडीत ते नाही, पण बाकीच्यांचे आकडे समजायला त्याची मदत होते, म्हणून तक्त्यात ठेवलं आहे.

| द्रावक | उत्कलनबिंदू (°से) | घनता (ग्रॅम/मिलि) | फ्लॅश पॉइंट (°से) | औषधातल्या अवशेषाची मर्यादा (पीपीएम) |
|---|---|---|---|---|
| एमडीसी | ३९.६ | १.३३ | नाही | ६०० |
| क्लोरोफॉर्म | ६१.२ | १.४९ | नाही | ६० |
| सीटीसी | ७६.७ | १.५९ | नाही | ४ |
| ईडीसी | ८३.५ | १.२५ | १३ | ५ |
| एमसीबी | १३१.७ | १.११ | सुमारे २८ | ३६० |

फ्लॅश पॉइंट म्हणजे ज्या किमान तापमानाला द्रावकाची वाफ ठिणगीने पेटू शकते ते. शेवटचा रकाना आयसीएचच्या, म्हणजे औषधांचे आंतरराष्ट्रीय निकष ठरवणाऱ्या संस्थेच्या, मार्गदर्शक तत्त्वांतला आहे. औषधनिर्मितीत असाल तर तो आधी वाचा, कारण तिथे बऱ्याचदा निवड तिथल्या तिथे संपते.

आता उत्कलनबिंदूकडे. मिथेनवर एकेक क्लोरीन वाढवत गेलं की आकडे असे चढतात: मिथाइल क्लोराइड उणे २४, एमडीसी ४०, क्लोरोफॉर्म ६१, सीटीसी ७७. ‘रेणू ध्रुवीय म्हणून उत्कलनबिंदू जास्त’ हे स्पष्टीकरण अनेकांच्या तोंडी असतं, पण या ओळीत ते टिकत नाही. याच क्रमाने द्विध्रुव आघूर्ण, म्हणजे ध्रुवीयतेचं माप, उतरत जातं: सुमारे १.९, १.६, १.० आणि सीटीसीला चक्क शून्य. म्हणजे ध्रुवीयता संपते तिथे उत्कलनबिंदू सगळ्यात वर आहे. रेणूंना धरून ठेवणारं मुख्य बळ इथे क्लोरीनच्या मोठ्या, सैल इलेक्ट्रॉन मेघातून येतं. मेघ जितका सहज हलतो तितकी शेजारच्या रेणूंची ओढ वाढते. फ्लोरिनचा मेघ घट्ट असतो, म्हणून चारही जागी फ्लोरिन बसवला तर उत्कलनबिंदू उणे १२८ वर कोसळतो. चारही जागी ब्रोमीन बसवला तर तो १९० च्या आसपास जातो. क्लोरोफॉर्मचा भाऊ ब्रोमोफॉर्म १४९ ला उकळतो आणि आयोडोफॉर्म तर खोलीच्या तापमानाला घनच असतो.

रेणूचा आकारही मोजावा लागतो. सरळ साखळीचं ब्युटाइल क्लोराइड ७८ ला उकळतं, गोळा झालेलं टर्शरी ब्युटाइल क्लोराइड ५१ ला. सूत्र एकच, पण गोळ्याला शेजाऱ्याशी चिकटायला पृष्ठभाग कमी मिळतो. डायक्लोरोइथेनचेही दोन प्रकार: दोन्ही क्लोरीन एकाच कार्बनवर असतील तर ५७, वेगवेगळ्या कार्बनवर असतील तर ८३.५. त्यामुळे खरेदीच्या कागदावर नुसतं ‘डायक्लोरोइथेन’ लिहू नका, आकडे घाला.

घनता मात्र उत्कलनबिंदूच्या मागे मागे जात नाही. ती रेणूच्या वजनात हॅलोजनचा वाटा किती यावर जास्त अवलंबून असते. वजनाने एमडीसीत सुमारे ८४ टक्के क्लोरीन, क्लोरोफॉर्मात ८९, ईडीसीत ७२, एमसीबीत जेमतेम ३२. तक्त्यातला घनतेचा रकाना याच क्रमाने लागतो. म्हणून एमसीबी सगळ्यात उशिरा उकळतं आणि तरीही या पाचांत सगळ्यात हलकं आहे.

हे कोरडं वाटेल, पण एक्स्ट्रॅक्शन करताना, म्हणजे पाण्यातलं प्रॉडक्ट द्रावकात ओढून घेताना, सगळा खेळ इथेच होतो. क्लोरीनवालं द्रावक खाली बसतं असं आपण धरून चालतो. साध्या पाण्यावर ते खरं आहे. पण लेयर लवकर सुटावा म्हणून मिठाचं संपृक्त पाणी घातलंत की त्याची घनता १.२० असते. एमडीसी १.३३, म्हणजे फरक पुरेसा. ईडीसी १.२५, म्हणजे फरक इतका थोडा की लेयर ताटकळत ठेवतो, आणि मधला गढूळ पट्टा तासभर हटत नाही. एमसीबी १.११, म्हणजे ते मिठाच्या पाण्यावर तरंगतं! ऑपरेटरने सवयीने खालचा लेयर ‘प्रॉडक्ट’ म्हणून काढला तर हाती मिठाचं पाणी येतं. ५० टक्के कॉस्टिक लायची (सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाची) घनता १.५ च्या वर जाते, तिथे एमडीसीसुद्धा वर येतं. बॅच शीटमध्ये ‘खालचा लेयर घ्या’ असं लिहिण्याऐवजी ‘ऑरगॅनिक लेयर घ्या’ असं लिहा, आणि शंका आली तर थोडा नमुना काढून त्यात पाण्याचे दोन थेंब टाकून बघायला सांगा. थेंब ज्यात मिसळले तो पाण्याचा लेयर.

आता उन्हाळा. माझ्या मते महाराष्ट्रात एमडीसीबद्दलचा खरा निर्णय इथे होतो. त्याची मोठी ओळख म्हणजे ते चटकन उडून जातं. उष्णतेने बिघडणारं प्रॉडक्ट असेल तर याहून सोयीचं काही नाही. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, म्हणजे सावलीतल्या हवेचं तापमानच एमडीसीच्या उत्कलनबिंदूपेक्षा जास्त. तिथे उन्हात ठेवलेला ड्रम आतून दाबाखाली असतो आणि बूच एकदम फिरवलं तर वाफ तोंडावर येते. कोकणपट्टीत, लोटे-महाडकडे, तापमान एवढं चढत नाही. पण दमटपणामुळे कूलिंग टॉवरचं पाणी ३२ अंशांच्या खाली यायला तयार नसतं. एमडीसीची वाफ ३९.६ ला द्रव होणार आणि पाणी ३२ चं. मधे फरक फक्त साडेसात अंशांचा. क्लोरोफॉर्मसाठी तोच फरक २९, ईडीसीसाठी ५१, एमसीबीसाठी जवळपास १००. तेवढीच उष्णता काढायला एमडीसीला क्लोरोफॉर्मच्या साधारण चौपट कंडेन्सर लागतो, शिवाय एक किलो वाफेमागे एमडीसीची उष्णताही जास्त असते.

त्यावर व्हॅक्यूम लावला तर गोष्ट आणखी बिघडते. ३०० मिलिबारला एमडीसी १० अंशांच्या आसपास उकळतं. तिथे ३२ अंशांचं पाणी काहीच पकडू शकत नाही. द्रावक सरळ पंपातून बाहेर जातं, रिकव्हरी रोज घसरते आणि कामगारांच्या श्वासात ते भरतं. शरीरात एमडीसीचं काही अंशी कार्बन मोनॉक्साइड होतं, त्यामुळे डोकं जड होणं ही उन्हाळ्याची तक्रार म्हणून सोडून द्यायची गोष्ट नाही. चिल्ड वॉटर किंवा ब्राइन (कंडेन्सरसाठी खूप थंड केलेलं खारं पाणी) नसेल तर एमडीसी मोठ्या प्रमाणावर घेऊ नका, इतकं स्पष्ट मी म्हणेन. आणि ब्राइन असेल तर एमडीसी वातावरणाच्या दाबालाच उडवा, व्हॅक्यूम फक्त शेवटच्या उरलेल्या भागासाठी ठेवा.

नेहमीच्या नायट्राइल हातमोज्यांतून एमडीसी काही मिनिटांत आरपार जातं. हातमोजे घातले आहेत या विश्वासाने फिल्टर उघडणाऱ्या माणसाला हे कुणीतरी सांगायला हवं. अमेरिकेने २०२४ मध्ये एमडीसीचे बहुतेक वापर बंद करण्याचा नियम केला आणि जे चालू ठेवले तिथे हवेतली मर्यादा आठ तासांच्या सरासरीला २ पीपीएम इतकी खाली आणली. त्या बाजारपेठेशी संबंध असेल तर नव्या प्रक्रियेत एमडीसी घालताना पुढच्या दहा वर्षांचा विचार करा.

क्लोरोफॉर्म एमडीसीपेक्षा २१ अंश वर उकळतं, म्हणून उन्हाळ्यात ते जास्त आज्ञाधारक वाटतं. पण मी ते प्लांटसाठी सहसा सुचवत नाही. अवशेषाची मर्यादा एमडीसीच्या एक दशांश. हवा आणि उजेड मिळाला की त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू बनतो, म्हणून ते गडद बाटलीत ठेवतात आणि त्यात स्थिरक घालतात, बहुधा अर्धा ते एक टक्का इथेनॉल. ते इथेनॉल गृहीत धरायला लोक विसरतात. एक लिटर क्लोरोफॉर्म म्हणजे जवळपास १,४९० ग्रॅम. त्यात एक टक्का म्हणजे १५ ग्रॅम इथेनॉल, म्हणजेच ०.३२ मोल. तुमच्या लिटरभर मिश्रणात ०.३ मोल ॲसिड क्लोराइड असेल तर सगळंच्या सगळं एस्टर होऊन बसू शकतं, आणि दोष कच्च्या मालावर जातो. अशा कामासाठी इथेनॉलऐवजी अमिलीन हे स्थिरक घातलेलं क्लोरोफॉर्म मागवा. तीव्र अल्कलीसोबत क्लोरोफॉर्म डायक्लोरोकार्बीन हा अतिशय क्रियाशील रेणू देतं, आणि ॲसिटोन व अल्कली एकत्र आले तर अभिक्रिया अंगावर येण्याइतकी जोरात होऊ शकते. टाकाऊ द्रावकाच्या कॅनमध्ये क्लोरोफॉर्म आणि ॲसिटोन एकत्र ओतायची सवय म्हणूनच मोडा. स्पेक्ट्रोस्कोपी, किंवा दुसऱ्या कशातच न विरघळणारं एखादं अल्कलॉइड, एवढ्यापुरतं क्लोरोफॉर्म ठीक.

ईडीसी दिसायला सगळ्यात सोयीचं आहे. ८३.५ अंश, म्हणजे रिफ्लक्सला (उकळत ठेवून वाफ परत द्रव करत राहायला) छान तापमान, साध्या पाण्यावर चालणारा कंडेन्सर, एमडीसीसारखाच विरघळवण्याचा गुण. जुन्या फ्रीडेल-क्राफ्ट्सच्या (बेंझीनच्या कड्याला कार्बनचा गट जोडण्याच्या) कृतींत ते जागोजागी सापडतं. तरीही नव्या कामात ते घेऊ नका. अवशेषाची मर्यादा ५ पीपीएम, म्हणजे सीटीसीच्या पंगतीत. युरोपात २०१७ पासून खास परवानगीशिवाय ते वापरता येत नाही. शिवाय क्लोरीनवालं म्हणजे न पेटणारं, ही समजूत इथे घातक ठरते: फ्लॅश पॉइंट १३ अंश, म्हणजे आपल्याकडे जवळपास वर्षभर ते पेट घेण्याच्या तयारीत असतं, आणि पेटलं की धुरात हायड्रोजन क्लोराइड.

एमडीसीला फ्लॅश पॉइंट नाही, पण तेवढ्यावरून तेही निर्धोक समजू नका. हवेत सुमारे १३ ते २३ टक्के वाफ झाली आणि ठिणगी पुरेशी जोरदार असली तर तेही पेटतं. एमडीसी आणि सोडियम अझाइड यांना मात्र कुठल्याही कारणाने एकत्र आणू नका; त्यातून डायअझिडोमिथेन हा स्फोटक पदार्थ बनतो. टेट्राझोल (अझाइड वापरून बनणारी संयुगं) बनवणाऱ्यांनी आधीच्या बॅचचं उरलेलं एमडीसी रिॲक्टरमधून पूर्ण गेलं आहे का, हे तपासूनच अझाइड घालावं.

एमसीबीचं गणित वेगळं. १०० ते १३० अंशांवर चालणारी, प्रॉडक्ट उष्णता सोसणारी अभिक्रिया असेल तर मला ते या चौघांत सगळ्यात शहाणं वाटतं. मर्यादा ३६० पीपीएम, वाफेचा दाब २५ अंशांना एमडीसीच्या पस्तिसाव्या भागाइतका, आणि पाणी काढून टाकायचं असेल तर ९० अंशांच्या आसपास उकळणारं मिश्रण, ज्यात वजनाने २८ टक्के पाणी निघून जातं. ईडीसी त्याच कामात सुमारे ८ टक्के पाणी नेतं, एमडीसी दीड टक्का. फक्त एक काळजी: नेहमीचा डीन-स्टार्क सापळा (द्रव झालेल्या वाफेतलं पाणी वेगळं करून द्रावक परत पाठवणारं उपकरण) हलक्या द्रावकासाठी असतो. एमसीबी पाण्याखाली बसतं, म्हणून साध्या सापळ्यात परत रिॲक्टरमध्ये पाणीच जातं आणि अभिक्रिया पुढे सरकत नाही. जड द्रावकाचा सापळा लावा. उन्हाळ्यात खोलीचं तापमान त्याच्या फ्लॅश पॉइंटच्या वर असतं, तेव्हा नायट्रोजन आणि अर्थिंग हे कायमचं समजा. शेवटचं एमसीबी केकमधून (गाळल्यावर उरलेल्या ओल्या घनातून) काढणं हे मात्र कंटाळवाणं काम आहे. ड्रायरला चांगला व्हॅक्यूम नसेल तर ते दिवस खातं.

या चौघांपैकी निवडण्याआधी इथाइल ॲसिटेट करून पाहिलंत का? उत्कलनबिंदू ७७, मर्यादा ५,००० पीपीएम, आणि घनता ०.९० असल्याने लेयर बिनबोभाट वर. ज्वलनशील आहे, फ्लॅश पॉइंट उणे ४, पण ज्वलनशील द्रावक हाताळायची सोय बहुतेक प्लांटमध्ये असतेच. अमाइन किंवा तीव्र अल्कली असेल तर ते तुटतं. तिथे ८० ला उकळणारं २-मिथाइल टीएचएफ पाहा. दोन्हींत प्रॉडक्ट विरघळत नसेल आणि ब्राइनची लाइन रिॲक्टरपर्यंत आलेली असेल, तर एमडीसी घ्या.