पोरीचा निळा ब्लेझर आणि माझे ४७ हजार

आमच्या गोव्यातल्या खाणी आधी २०१२ साली बंद पडल्या, मग २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पुन्हा. दुसऱ्या खेपेला माझा ट्रक दारात उभा राहिला तो शेवटी विकलाच. आम्हा डिचोलीकरांना 'स्किल' आणि 'सर्टिफिकेट' हे शब्द त्यानंतरच तोंडपाठ झाले. जानेवारी २०२३ पासून मोपाच्या नव्या विमानतळावरून विमानं उडायला लागली आणि घरोघरी एकच विषय, पोरांना तिथं चिकटवायचं कसं.

आमची बाय तेव्हा बारावी झाली होती. वर्तमानपत्रात घातलेलं एक रंगीत पत्रक सापडलं: 'एअरपोर्ट ग्राउंड स्टाफ, तीन महिने, सरकारमान्य प्रमाणपत्र, शंभर टक्के नोकरी.' म्हापशात एका दुकानावरच्या माडीवर ऑफिस. थंडगार एसी, भिंतीवर विमानाचं मोठं चित्र, टेबलामागं गोड बोलणारी मुलगी. "अंकल, स्किल इंडियाचं आहे, काळजी करू नका."

इथंच मी पहिल्यांदा चुकलो. स्किल इंडियातली पंतप्रधान कौशल्य विकास योजना २०१५ पासून चालू आहे आणि तिच्यातल्या अल्पमुदतीच्या प्रशिक्षणाला उमेदवाराकडून फी घेत नाहीत. योजना सरकारची, तर मग ३८,५०० रुपये कसले? हा प्रश्न मला तिथं सुचलाच नाही. उलट पैसे मागतात म्हणजे काहीतरी दर्जाचं असणार, असं वाटलं.

पावती मात्र नीट वाचायला हवी होती. तिच्यावर 'कोर्स फी' हे शब्दच नव्हते. 'पुस्तके, गणवेश व साहित्य' एवढंच. नंतर भांडायला गेलो तेव्हा हीच पावती त्यांनी माझ्यापुढं नाचवली: "साहित्य मिळालं ना तुम्हाला?" मिळालं होतं. एक निळा ब्लेझर, एक स्कार्फ आणि झेरॉक्सच्या चार वह्या. अर्जाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात 'नोकरीसाठी सहाय्य' असं छापलं होतं, हमी कुठंच नव्हती. शंभर टक्के फक्त पत्रकावर.

बाय तीन महिने कदंबा बसनं ये-जा करायची. शिकवलं काय, तर हसायचं कसं, केस कसे बांधायचे आणि 'गुड मॉर्निंग सर'. शेवटी पर्वरीच्या एका हॉटेलात 'इंटरव्ह्यू' झाला, सगळेच पास. मग विमानतळाचा पास आणि पोलीस पडताळणी यासाठी आणखी ८,५०० मागितले. तेही भरले. विमानतळाच्या आत जायच्या पासासाठी नोकरी देणारी कंपनीच अर्ज करते, माणूस आपला आपण काढू शकत नाही, हे मला फार उशिरा कळलं. हातात नेमणूकपत्र नसताना पासाचे पैसे मागितले की तिथूनच उठावं.

प्रमाणपत्राचं बिंग शेजारच्या पोरानं फोडलं. तो आयटीआयचा. त्यानं क्यूआर कोड स्कॅन केला तर त्याच संस्थेची वेबसाइट उघडली, तिच्यावर बायचं नाव आणि मोठी हिरवी खूण. "काका, ह्यांनी ह्यांच्याच घरी साक्ष ठेवलीय," तो म्हणाला. खरं प्रमाणपत्र असतं तर त्यावर कोर्सचा कोड आणि एनएसक्यूएफची, म्हणजे राष्ट्रीय कौशल्य पात्रता चौकटीची, पातळी असते आणि तो कोर्स राष्ट्रीय पात्रता नोंदवहीत, म्हणजे सरकारच्या वेबसाइटवर, सापडतो. हे पैसे भरण्याआधी बघायचं. पाच मिनिटांचं काम, घरात मोबाइल असलेलं कुठलंही पोर करील.

म्हापशाच्या माडीला आता टाळं आहे. पोलिसांत तक्रार दिली, पावत्या आणि व्हॉट्सअॅपचे मेसेज जोडून. ग्राहक आयोगाकडेही अर्ज केलाय. पाच लाखांपर्यंतच्या रकमेला तिथं फी लागत नाही, पण दोन वर्षांच्या आत जावं लागतं. बरोबरच्या पोरांचे आईबाप मात्र लाजेनं गप्प आहेत. मला त्यांचा राग येत नाही, मीही दोन महिने घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

गेल्या रविवारी पेपरातून परत एक पत्रक पडलं. फोन नंबर वेगळा, पण ब्लेझरातली हसरी मुलगी तीच. विमानाच्या जागी आता बोट आहे: 'क्रूझवर नोकरी, सीट्स मर्यादित.' बायनं ते फाडलं नाही, तक्रारीच्या फायलीत लावलं.