रस्टचा रिस्पॉन्स बिल्डर: लॅब रिपोर्टच्या कामात वापरून

एपीआय गेटवेच्या (बाहेरची विनंती आत पोचवणाऱ्या ॲमेझॉनच्या सेवेच्या) मागे लॅम्डा (विनंती आली की चालणारं ॲमेझॉनवरचं छोटं फंक्शन) चालवत असाल आणि अजून रिस्पॉन्स, म्हणजे विनंतीचं उत्तर, हाताने जुळवत असाल, तर रस्ट भाषेच्या 'एचटीटीपी' या क्रेटमधला, म्हणजे लायब्ररीतला, रिस्पॉन्स बिल्डर नक्की वापरून बघा. वागळे इस्टेटच्या आमच्या ऑफिसात आता सगळ्या नव्या लॅम्डा त्यावरच लिहितो आणि मी मनापासून खूश आहे. काही गोष्टी खटकतात, त्याही सांगते.

आमचं काम असं: नवी मुंबईतल्या एका पॅथॉलॉजी लॅबचे रिपोर्ट पेशंटला मोबाईलवर द्यायचे. सकाळी उपाशीपोटी रक्त देऊन गेलेली माणसं दुपारपासून लिंक उघडायला लागतात, कुणी कोपरखैरण्याला घरी बसून, कुणी ट्रान्स-हार्बरच्या गाडीत उभ्या उभ्या. लिंकमागे लॅम्डा, तिच्यापुढे ॲमेझॉनचं एपीआय गेटवे, आणि परत जाते ती पीडीएफ. आमच्या हातात आला तो कोड पायथनचा होता, डिक्शनरी हाताने भरलेली.

गेटवेला रिस्पॉन्स ठरलेल्या साच्यातच लागतो. स्टेटस कोड, हेडर, बॉडी, आणि बॉडी बेस६४ (बाइट साध्या अक्षरांत लिहायची पद्धत) आहे की नाही हे सांगणारी खूण. बॉडी स्ट्रिंगच हवी. तिथे सरळ ऑब्जेक्ट ठेवला तर रेस्ट एपीआय (गेटवेचा एक प्रकार) समोरच्याला ५०२ आणि 'इंटर्नल सर्व्हर एरर' एवढंच देतं; खरं कारण लॉग चालू असतील तर लॉगमध्ये. एचटीटीपी एपीआय या गेटवेच्या दुसऱ्या प्रकाराच्या २.० फॉरमॅटमध्ये तर याहून घातक प्रकार होतो. स्टेटस कोडची की (रकान्याचं नाव) सापडली नाही, तर आलेला सगळा जेसन (मजकुराच्या रूपातला डेटा) म्हणजेच बॉडी असं गेटवे धरतं आणि २००, म्हणजे 'सगळं ठीक', लावून पाठवून देतं. म्हणजे कीचं नाव चुकलं, तर रिपोर्ट न सापडल्याचा ४०४ सुद्धा २०० होऊन जातो आणि मॉनिटरिंगवर सगळं हिरवं दिसतं. आजारी माणसाच्या रिपोर्टच्या बाबतीत हे मला अजिबात चालणार नाही.

बिल्डरने या जातीच्या सगळ्या चुकाच बंद होतात. बिल्डर घ्यायचा, त्यावर स्टेटस, मग हेडर, शेवटी बॉडी. बॉडी दिली की रिस्पॉन्स तयार. कीची नावं मी लिहीतच नाही, त्यामुळे ती चुकायचा प्रश्न उरत नाही. 'लॅम्डा एचटीटीपी' हे दुसरं क्रेट तो रिस्पॉन्स घेतं, विनंती रेस्ट एपीआयकडून आली की एचटीटीपी एपीआयकडून ते बघतं, आणि त्या त्या साच्यात ओततं. एचटीटीपी एपीआयला कुकी वेगळ्या यादीत द्याव्या लागतात, रेस्ट एपीआयला एकाच हेडरच्या अनेक किमतींसाठी वेगळा रकाना असतो. हे माझ्या कोडमध्ये कुठेच दिसत नाही. पीडीएफचे बाइट दिले की बेस६४ सुद्धा तेच करतं. फक्त आकाराचं भान आपणच ठेवायचं: लॅम्डाच्या उत्तराची मर्यादा ६ एमबी, बेस६४ने आकार एक तृतीयांश वाढतो, म्हणजे साडेचार एमबीच्या आसपासची पीडीएफ आली की काठावर. मोठ्या फाइलसाठी आम्ही एस३ची (ॲमेझॉनच्या फाइल-साठ्याची) सही केलेली लिंक देतो.

चुका कुठे कळतात, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. बिल्डर मधेच आरडाओरडा करत नाही. एखाद्या हेडरच्या किमतीत नवी ओळ घुसली, तर ती चूक तो पोटात ठेवतो, पुढचे सगळे कॉल नुसते ओलांडतो आणि बॉडीच्या वेळी एरर हातात देतो. आमच्या ज्युनियरने विचारलं होतं, "ताई, स्टेटस तर आपण सरळ २०० लिहिलाय, मग बॉडीनंतर रिझल्ट कशाला तपासायचा?" २००साठी खरंच गरज नाही. पण हेडरमध्ये पेशंटने टाइप केलेलं काही जात असेल, तर त्यातली नवी ओळ म्हणजे बाहेरच्याने आपल्या रिस्पॉन्समध्ये स्वतःचं हेडर घुसवायची वाट. ती इथे बंद होते. म्हणून 'अनरॅप' (चूक आली की प्रोग्रॅम तिथेच पाडणारा कॉल) न करता नीट ५०० परत करा.

आता खटकणारं. एरर सांगते की हेडरची किंमत वाचता आली नाही. कुठल्या हेडरची, ते सांगत नाही. आठ हेडरची साखळी असेल तर शोधत बसा. हे सुधारायला हवं, अगदी मनापासून हवं.

दुसरं, बिल्डरचं हेडर जुनी किंमत बदलत नाही, तिच्या जोडीला नवी लावतं. सेट-कुकीसाठी हेच हवं. पण कॉर्सचं ओरिजिन हेडर (कुठल्या साइटला उत्तर वाचू द्यायचं हे ब्राउझरला सांगणारं) एकदा सामाईक फंक्शनने आणि एकदा हँडलरने लावलं, तर दोन किमती जातात आणि ब्राउझर उत्तर नाकारतो. बदलायचंच असेल तर हेडरचा मॅप मागून त्यात 'इन्सर्ट' करा.

तिसरं, पीडीएफचं नाव. पेशंटचं नाव देवनागरीत हवं असा लॅबचा आग्रह, आणि तो योग्यच आहे. पण डाउनलोडच्या हेडरमध्ये ते टक्के-चिन्हांत एन्कोड करून 'फाइलनेम'पुढे तारा लावून द्यावं लागतं. यात बिल्डरची काही मदत नाही, छोटं फंक्शन स्वतः लिहावं लागलं.

अटीनुसार हेडर लावताना नवशिके अडखळतात. प्रत्येक कॉल बिल्डर गिळून नवा परत देतो, तेव्हा 'इफ'च्या आत तो परत त्याच नावात ठेवावा लागतो. विसरलात तर कंपायलर अडवतो, प्रॉडक्शनपर्यंत जात नाही.

जावावाल्यांसाठी: तुमच्या लॅम्डा इव्हेंट लायब्ररीतही एचटीटीपी एपीआयच्या रिस्पॉन्सला बिल्डर आहे. कीच्या नावांची कटकट तोही मिटवतो, पण तपासत काही नाही. स्टेटस न देताही 'बिल्ड' होतं. दोन्ही वापरले, मला रस्टचा जास्त भरवशाचा वाटला.

क्रेट फुकट आहे, एमआयटी आणि अपाची २.० अशा दुहेरी परवान्यावर. १.० आवृत्ती नोव्हेंबर २०२३ची. जुन्या प्रोजेक्टमध्ये एखादी लायब्ररी अजून ०.२ ओढत असेल, तर 'रिस्पॉन्स हवा होता, रिस्पॉन्स मिळाला' अशा अर्थाची चक्रावून टाकणारी एरर येते. अशा वेळी कोडला हात न लावता आधी 'कार्गो ट्री' (प्रोजेक्टने ओढलेल्या लायब्रऱ्या दाखवणारी आज्ञा) हायफन डी लावून चालवा; दोन आवृत्त्या लगेच दिसतील.