छातीचा हार्ट रेट पट्टा, सात महिन्यांनंतर: धावणं आणि वजनं दोन्ही करणाऱ्यांसाठी

ठोके मोजून घड्याळाला कळवणाऱ्या या पट्ट्याने पाचव्या महिन्यात दगा दिला. आरामात गप्पा मारता येतील असा पेस, आणि घड्याळावर ठोके १९४. दहा मिनिटांनी आकडा १४० वर, मध्येच शून्य, पुन्हा १९०. सर्व्हिसवाल्यांनी एका ओळीत निकाल लावला: सेन्सर नवा घ्या. सेन्सर ठणठणीत होता. बिघाड होता दोन टिचबटणांत.

या टिचबटणांबद्दल कुणी बोलत नाही म्हणून आधी तेच. सेन्सर पट्ट्याला या दोन बटणांनी अडकतो आणि दोन्हींमधून विद्युत संपर्क मिळाला की जागा होतो. व्यायामानंतर पट्टा तसाच खुंटीला टांगला की घामाची ओल दोन्ही बटणं जोडून ठेवते. सेन्सरला वाटतं पट्टा छातीवरच आहे; तो जागा राहतो आणि सेल खातो. वर घामातलं मीठ वाळून बटणाच्या कडेला हिरवट थर धरतो. मग संपर्क कधी लागतो, कधी सुटतो, आणि घड्याळ भलतेच आकडे दाखवतं. पट्टा काढला की सेन्सरने स्वतःहून झोपी जावं, एवढी साधी सोय करायला काय हरकत होती? या एका गोष्टीसाठी मी पूर्ण एक तारा कापतो.

उपाय फुकटचा आहे. दर वेळी सेन्सर काढा. ओढून नाही, एका कडेखाली अंगठा घालून एकेक बटण सोडवा. मधोमध धरून ओढलं तर बटणाभोवतीचं कापड फाटतं. दोन्ही बाजू कोरड्या फडक्याने पुसा. पट्टा गार पाण्यात खळबळा, आठवड्यातून एकदा सौम्य साबण लावा. कपडे मऊ करणारं द्रावण वापरू नका, त्याचा थर संपर्कपट्ट्यांवर, म्हणजे पट्ट्याच्या कातडीला टेकणाऱ्या भागांवर, बसतो. पिळू नका, आडवा वाळवा. हिरवट थर जुन्या टूथब्रशने निघतो.

सेल सीआर२०३२, नाण्यासारखा चपटा. बदलताना झाकणाखालची रबरी रिंग नीट खाचेत बसली नाही तर घाम आत शिरतो. लहान मुलांनी गिळू नये म्हणून काही सेलवर कडू लेप असतो. त्या लेपामुळे काही उपकरणांत संपर्कच लागत नाही. नवा सेल टाकूनही सेन्सर मेल्यासारखा वाटला तर आधी लेप नसलेला सेल टाकून बघा.

पहिल्या दहा मिनिटांत आकडे उड्या मारत असतील तर कारण बहुतेक वेळा कोरडी कातडी. संपर्कपट्ट्या पाण्याने चांगल्या ओल्या करूनच बांधा. कोरड्या हवेत ढगळा सिंथेटिक टीशर्ट फडफडला की स्थिर विजेमुळेही असंच होतं. अंगाला बसणारा घाला.

मनगटावर प्रकाशाने ठोके मोजणारं घड्याळ असताना पट्टा कशाला? धावताना ते घड्याळ कधीकधी ठोक्यांऐवजी पावलं पकडतं. आकडा १७०च्या आसपास चिकटून बसला आणि दमही लागलेला नसला तर मिनिटाला पावलं किती पडताहेत ते बघा, तोच आकडा असेल. वजनांना तर आणखी वाईट: दांडा घट्ट धरला की मनगटातला रक्तप्रवाह बदलतो, केटलबेल तर थेट घड्याळावरच टेकते.

वजनांच्या दिवशी पट्टा निरुपयोगी, असं पहिले दोन महिने माझं ठाम मत होतं. ते आता अर्धं बदललंय. जड स्क्वॉटला ठोके चढतात ते श्वास रोखून जोर लावल्यामुळे. त्या प्रमाणात प्राणवायू खर्च होत नाही. म्हणून त्यावरून घड्याळ काढतं त्या कॅलरी आणि ‘ट्रेनिंग लोड’ (व्यायामाचा एकूण भार) सरळ सोडून द्या. ताकदीचं माप म्हणजे वजन, रेप्स (एका सेटमध्ये ते किती वेळा उचललं) आणि सेट संपला तेव्हा अजून किती रेप्स निघाल्या असत्या ते. जड सेटच्या मधली विश्रांतीही ठोक्यांवर ठरवू नका. ठोके उतरले तरी पाय तयार नसतात, ३ मिनिटं घ्याच. उपयोग होतो तो हलक्या सर्किटला (एकामागोमाग एक व्यायाम, फारशी विश्रांती न घेता), आपण नकळत शर्यत लावलीय का ते कळायला. बेंच प्रेसला पाठीकडचा हुक टोचतो, तो बरगडीच्या बाजूला सरकवा.

पट्ट्याचं खरं काम एकच: इझी रन, म्हणजे आरामात धावायचा दिवस, इझी ठेवणं. त्यासाठी जास्तीत जास्त ठोके काढायचं ‘२२० वजा वय’ हे सूत्र विसरा, माणसागणिक त्यात १० ते १२ ठोक्यांचा फरक सहज पडतो. नीट वॉर्मअप करून ३० मिनिटं एकट्याने झेपेल तितक्या जोरात, पण एकसारखं धावा. शेवटच्या २० मिनिटांतल्या ठोक्यांची सरासरी हा तुमचा उंबरठा धरा, म्हणजे ज्याच्या वर फार वेळ टिकता येत नाही तो आकडा. सरासरी १६८ आली तर इझी रनची वरची हद्द त्याच्या ८९ टक्के, म्हणजे १४९. चढावर त्यापुढे गेलात तर चाला.

ही हद्द वजनं करणाऱ्याला जास्त लागते, कारण पाय दोन ठिकाणी खर्च होतात. व्यायामाचे संशोधक रॉबर्ट हिक्सन यांच्या १९८०च्या अभ्यासात आठवड्याला ५ दिवस ताकद आणि ६ दिवस दमसास असा दुहेरी भार घेणाऱ्या गटाची ताकद सातव्या आठवड्यापर्यंत वाढली, मग थांबली, नवव्या-दहाव्यात उतरली. दमसास मात्र वाढला. एवढा भार आपण कुणी घेत नाही, पण दोन्हीकडे एकदम विक्रम करायचा हट्ट तिथेच नेतो. ८ ते १२ आठवड्यांसाठी एकच मुख्य ध्येय ठेवा, तेही मोजता येईल असं: ‘१० किलोमीटर ५५ मिनिटांत’ चालेल, ‘फिट व्हायचंय’ नाही. धावणं मुख्य असेल तर वजनं आठवड्यातून दोनदा: स्क्वॉट, डेडलिफ्ट, ओढण्याचा एक व्यायाम आणि काफ रेझ (टाचा उचलून पोटऱ्यांचा व्यायाम). मोठ्या लिफ्टना ३ सेट, ४-५ रेप्स, दोन रेप्स शिल्लक ठेवून.

लेग डे लाँग रनच्या आदल्या दिवशी नको. सकाळी इंटरव्हल (जोरात आणि हळू आलटून पालटून धावणं), सहा तासांनी पायांची वजनं, दुसऱ्या दिवशी इझी. त्याने हलके दिवस खरोखर हलके राहतात. लागोपाठच करावं लागलं तर जे मुख्य ध्येय ते आधी. दर चौथ्या आठवड्याला धावणं एक तृतीयांश कमी करा.

सात महिन्यांत पट्ट्याचं इलॅस्टिक सैल पडलंय, धावताना तो खाली घसरतो. सेन्सर टाकू नका, पट्टा सुटा मिळतो. टिचबटणांमधलं अंतर सगळ्यांचं सारखं नसतं, त्यामुळे घेताना जुना सेन्सर सोबत न्या आणि दोन्ही बटणं टिच वाजून बसतात का ते जागीच बघा.