कोल्हापूरची सलाईन की घरच्या फ्रिजमधली सिरिंज?

संधिवाताच्या डॉक्टरांनी ‘बायोलॉजिक’ (जिवंत पेशींपासून बनवलेलं औषध) सुरू करायचं म्हटलं, की देवगड-कणकवलीकडच्या माणसापुढे बऱ्याचदा दोन नावं येतात: इन्फ्लिक्सिमॅब आणि अडालिमुमॅब. मला अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे पाठीच्या कण्याचा संधिवात आहे. पहिलं औषध दीड वर्ष घेतलं, दुसरं घेताना तिसरं वर्ष चालू आहे. दोन्ही टीएनएफ नावाच्या, सूज वाढवणाऱ्या प्रथिनाला अडवतात आणि माझी पाठ दोन्हींनी मोकळी झाली. म्हणून माझ्या मते ताकद कुणाची जास्त यावर फार डोकं घालू नका. तुमच्या घरात कुठलं औषध नीट सांभाळलं जाईल, ते बघा.

इन्फ्लिक्सिमॅब शिरेतून देतात, वजनाच्या हिशेबाने. माझं वजन ६० किलो, किलोमागे ५ मिलिग्रॅम, म्हणजे ३०० मिलिग्रॅम. पहिल्या डोसनंतर दुसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात, पुढे आजाराप्रमाणे दर सहा किंवा आठ आठवड्यांनी. सलाईन किमान दोन तास चालते, नंतरही थोडा वेळ बसवून ठेवतात, कारण अंगावर पित्त उठणं, धाप लागणं असं काही झालं तर ते तिथेच सावरता येतं. पहाटेची कोल्हापूरची गाडी, गगनबावड्याचा घाट, रात्री घरी. अख्खा दिवस जातो. पण सिस्टर दर वेळी ताप, बीपी बघायच्या, खोकला आहे का विचारायच्या. एकदा माझी दाढ सुजली होती. मी आपणहून सांगितलंच नसतं. त्यांनी विचारलं आणि डोस पुढे ढकलला, कारण ही औषधं जंतूंशी लढायची ताकद कमी करतात. सलाईनची खरी सुरक्षितता मला या विचारण्यात दिसते.

तिची अडचण म्हणजे खंड. दरड कोसळून घाट बंद झाला आणि चार-आठ दिवस इकडेतिकडे झाले तर डॉक्टर सांभाळून घेतात. पण मध्ये कित्येक महिने गेले, तर शरीर औषधाविरुद्ध अँटीबॉडी तयार करतं आणि पुन्हा सुरू करताना रिअ‍ॅक्शनची भीती वाढते. ‘पैसे जमले की जाऊ’ असं या औषधाचं चालत नाही.

अडालिमुमॅब म्हणजे मोठ्यांसाठी साधारणपणे ४० मिलिग्रॅमची भरलेली सिरिंज किंवा पेन, दर दोन आठवड्यांनी, मांडीत किंवा बेंबीपासून दोन इंच सोडून पोटावर. जागा दर वेळी बदलायची. टोचणं दोन-चार डोसांत अंगवळणी पडतं, फ्रिज मात्र पडत नाही. औषध २ ते ८ अंशांत ठेवायचं आणि गोठू द्यायचं नाही. आमच्या जुन्या फ्रिजच्या मागच्या भिंतीवर बर्फ धरायचा. एक सिरिंज तिथे टेकून राहिली आणि गोठली. वितळल्यावर पाण्यासारखी स्वच्छ दिसत होती, तरी टाकावीच लागली, कारण एकदा गोठलेलं औषध वापरायचं नसतं. आता ती मधल्या फळीवर, खोक्यातच, शेजारी छोटा थर्मामीटर ठेवून असते.

मूळ औषधाच्या माहितीपत्रकात २५ अंशांपर्यंत बाहेर १४ दिवस चालेल असं आहे. हे वाचून आपल्याकडे निश्चिंत होऊ नका. मे महिन्यात आमच्या माजघरात ३० अंशांच्या वर पारा असतो. २०२१ च्या तौक्ते वादळानंतर गावोगाव कित्येक दिवस लाईट नव्हती, ते आठवा. मी जून ते सप्टेंबर एका वेळी एकच सिरिंज आणतो, जेल पॅकच्या डब्यात, बर्फाला थेट लागणार नाही अशी. टोचण्याआधी अर्धा तास बाहेर ठेवायची, हलवायची नाही. वापरलेली सुई जाड प्लास्टिकच्या बाटलीत, आणि बाटली भरली की आरोग्य केंद्रात.

आणि सिस्टरांचं काम घरी कुणीतरी करायला हवं. आमच्याकडे आई करते. मी सिरिंज बाहेर काढली की विचारते, “ताप नाय ना रे तुका?” ताप, पिकलेली जखम, लघवीला जळजळ, यातलं काहीही असलं की टोचायचं नाही, आधी डॉक्टरांना फोन. डोस चार दिवस उशिरा झाला तर कंबर दुखेल, पण अंगात जंतू असताना घेतलेला डोस जिवावर बेतू शकतो.

टीबीची तपासणी दोन्हींआधी सक्तीची समजा. शरीर टीबीचे जुने जंतू गाठीत कोंडून ठेवतं आणि ती गाठ टिकवायला टीएनएफच लागतं. छातीचा एक्स-रे आणि मॅन्टू (कातडीत टोचून) किंवा इग्रा (रक्तातून) ही तपासणी करतात. बीसीजीच्या लसीमुळे मॅन्टू फसू शकते, इग्रा त्याने फसत नाही. लपलेला टीबी निघाला तर त्याच्या गोळ्या सहसा निदान महिनाभर घेतल्यावरच ही औषधं सुरू होतात. कावीळ बी आणि सीसाठी रक्त तपासतात. जिवंत जंतूंच्या लसी औषध चालू असताना चालत नाहीत.

आपल्याकडचा आणखी एक धोका म्हणजे लेप्टो, उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा ताप. लावणीच्या दिवसांत मी कुणग्यात (भाताच्या खाचरात) उतरत नाही, तरवा (भाताची रोपं) काढायलाही नाही. तुम्हाला उतरावंच लागत असेल तर गमबूट घाला, पायाला चीर असेल तर बांधावरच थांबा आणि डॉक्टरांना हे आधीच सांगून ठेवा.

घरी फ्रिज भरवशाचा असेल आणि ताप लपवू देणार नाही असं माणूस असेल, तर मी अडालिमुमॅब सुचवीन. एकटे राहत असाल, लाईटचा भरवसा नसेल किंवा स्वतःला टोचणं जमणारच नसेल, तर सलाईन बरी. मग तपासण्या माघातच सुरू करा, म्हणजे पहिले तीन डोस घाट कोरडा असताना होऊन जातील.