वेट पॅलेट, नाताळपासून चवथीनंतरपर्यंत वापरून: रंगवणं परत सुरू झालं, पण त्या रबरी पट्टीबद्दल बोलायलाच हवं

झाकणाची रबरी पट्टी कोपऱ्यातून सुटून हातात आली तेव्हाच ठरवलं की यावर सविस्तर लिहायचं. वेट पॅलेट म्हणजे काय ते सांगत बसत नाही, झाकणाचा डबा, आत ओला स्पंज, वर पार्चमेंट पेपर, त्यावर काढलेला रंग लवकर वाळत नाही, मिनिएचर म्हणजे छोट्या फिगर रंगवणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. मी मधल्या साइजचं घेतलं, नाताळच्या सेलमध्ये, आणि सेल असूनही तेवढ्यात इम्पोर्टेड रंगाच्या चार बाटल्या आल्या असत्या, म्हणून बरेच दिवस ते कार्टमध्येच पडून होतं. ब्रँडचं नाव घेत नाही.

रंग वाचवायला म्हणून मी ते घेतलं नाही. माझं रंगवणंच बंद पडलं होतं. मित्राने मडगावहून रेझिनच्या थ्रीडी प्रिंटरवर काढून दिलेले २८ मिलिमीटरचे मावळे आणि पोर्तुगीज शिपाई प्राइमर मारून कपाटात राखाडी उभे होते. १६८३ चा फोंड्याच्या किल्ल्याचा वेढा करायचा होता, पोर्तुगीज व्हाइसरॉय स्वतः फौज घेऊन आला आणि संभाजी महाराज पोचल्यावर त्याला मागे फिरावं लागलं तो प्रसंग. मी फोंड्यातच राहतो, हे लहानपणापासून ऐकत आलोय, विषय इतका जवळचा असून हात जात नव्हता.

लोक सांगतात नवीन फिगर आण, व्हिडिओ बघ, चॅलेंज घे, म्हणजे उत्साह येईल. मला त्यातलं काहीच लागू पडलं नाही, कारण उत्साह होताच, वेळ नव्हता. रात्री जेवणं आटपल्यावर हातात राहतो जेमतेम पाऊण तास. त्यात बाटल्या काढायच्या, थेंब टाकायचे, स्किन टोन मिसळायचा, अॅक्रिलिक असल्यामुळे त्यातलं पाणी उडालं की संपलं, पंख्याखाली दहा-पंधरा मिनिटांत वरती साय धरते, मग परत मिसळा, आणि परत मिसळलेला रंग काल केलेल्या चेहऱ्याशी जुळतच नाही. एका तुकडीतले दोन मावळे दोन रंगांचे दिसायला लागले की पुढचा उचलावासाच वाटत नाही.

वेट पॅलेटने नेमकं हे संपवलं. माझा स्किन टोन बर्न्ट सिएना, यलो ऑकर आणि सावलीला किंचित अल्ट्रामरीन. याची तीन डबकी करतो, सावलीचं, मधलं आणि उजेडाचं, आणि झाकण लावून ठेवून देतो. दुसऱ्या दिवशी उघडलं की तिन्ही ओली असतात, ब्रशच्या टोकाने थोडं पाणी घालून हलवलं की झालं, थेट चेहऱ्यावर. चेहरा केवढा, जेमतेम चार मिलिमीटर, त्यात गालाच्या हाडावर उजेडाची एक रेघ आणि नाकाच्या बाजूला सावली. शिवाय दोन डबक्यांच्या मधे ब्रश फिरवला की मधल्या छटा तिथेच मिळतात. आता वीस मिनिटं मिळाली तरी एक चेहरा होतो. मी अख्खी तुकडी एकदम रंगवणं पण सोडलं, सगळ्यांचे पट्टे, मग सगळ्यांच्या पगड्या असं केलं की आठवडाभर एकही माणूस पूर्ण दिसत नाही. आता रंग कायम असल्यामुळे एकेक मावळा पूर्ण करतो आणि तरी सगळे एका तुकडीतले वाटतात. माझ्या मते रंगवायची इच्छा टिकवायला यापेक्षा मोठी गोष्ट नाही.

उन्हाळ्यापर्यंत मी सगळ्यांना हेच सांगत सुटलो होतो की डोळे मिटून घ्या. मग जून लागला.

गोव्याच्या पावसात चपलेला बुरशी येते, पट्ट्याला येते, तिथे कायम ओला असलेला स्पंज घट्ट बंद डब्यात, काय होणार? चार दिवस कामात उघडला नाही तर झाकण काढल्यावर असा वास की बायकोने डबा थेट बाल्कनीत नेऊन ठेवला. कागदाखाली काळे ठिपके. स्पंज गरम पाण्यात साबण घालून धुतला, पिळून वाळवला (वाळवला म्हणजे काय, जुलैत वाळतंय कुठे), नळाचं पाणी बंद करून इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर वापरायला लागलो, पाच लिटरचा कॅन महिनोन्‌महिने पुरतो. तांब्याचा तुकडा ठेवला की बुरशी कमी धरते असं हॉबीवाले सांगतात, तर आजीच्या डब्यात पोर्तुगीज काळातलं दहा सेंटावोचं ब्राँझचं झिजलेलं नाणं होतं, ते घासून स्पंजखाली सरकवलं. फरक पडला. पण पाण्यामुळे की नाण्यामुळे ते नक्की सांगता येणार नाही, दोन्ही एकदम केलं.

आणि त्यातच पट्टी सुटली. ही पट्टी म्हणजे या डब्याचा जीव आहे आणि ती खाचेत नुसती दाबून बसवलेली, ना चिकटवलेली ना काही. एक कोपरा ताणून फाटला. विक्रेत्याला फोटो पाठवले, उत्तर आलं की वॉरंटी फक्त मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्टला आहे. बरं, मग पट्टी विकत द्या. तर म्हणे स्पेअर पार्ट मिळत नाही, नवीन सेट घ्या, दहा टक्के डिस्काउंट देतो. हातभर रबरासाठी अख्खा डबा परत विकत घ्यायचा? स्पंज चांगला, डबा चांगला, कागदाचं पाकीट अर्धं शिल्लक. मी तीन मेल लिहिले, तिन्हीला तेच उत्तर, खालचं नाव तेवढं बदललेलं. ज्या वस्तूचं सगळं काम झाकणावर चालतं तिच्या झाकणाचं रबर सुटं मिळत नसेल तर ते पाकिटावर आधीच छापा.

आता इथे माझं मत थोडं बदललं. फाटलेल्या पट्टीनेच तसंच वापरत राहिलो आणि लक्षात आलं की पावसात ते चालतंय! हवेतच एवढा दमटपणा की कोपऱ्यातून हवा आत गेली तरी रंग दुसऱ्या दिवशी ओला, आणि वास उलट कमी झाला. म्हणजे जून ते सप्टेंबर गोव्यात झाकण घट्ट लावूच नका, एक कड उघडी ठेवा. हे कुठल्याच रिव्ह्यूमध्ये सापडलं नाही, बहुतेक सगळे कोरड्या हवेत राहणारे.

चवथ झाली, पाऊस गेला, ऑक्टोबरचं ऊन तापायला लागलं आणि फाटक्या कोपऱ्याकडचं डबकं रात्रीत कडक. मग अॅल्युमिनियमच्या खिडक्या करणाऱ्याकडे गेलो. स्लायडिंगच्या काचेला बसवतात ती काळी रबर बीडिंग, ती अर्धा मीटर मागितली. तो म्हणाला, "अर्ध्या मीटरचे कसले पैसे घेऊ, घेऊन जा रे बाबा." बीडिंग खाचेला थोडी जाड, झाकण लागेना, म्हणून कटरने खालची कड लांबीभर तासली. कोपऱ्यात न कापता वळवून घेतली आणि जोड लांब बाजूच्या मधोमध ठेवला, कारण कोपऱ्यातला जोडच आधी उघडतो. तिथे फेव्हिक्विकचा एक थेंब. आता झाकण कंपनीच्या पट्टीपेक्षा घट्ट बसतं.

बाकीचं थोडक्यात. मेटॅलिक रंग यावर काढू नका, चकाकणारे कण पाण्याबरोबर पसरतात आणि मग मावळ्याच्या गालावर चमकी. वॉश आणि कॉन्ट्रास्ट (खाचांत उतरून सावली देणारे रंग) पण नको, आधीच पातळ, ते साध्या प्लास्टिकच्या झाकणात घ्या. कंपनीचे कागद संपल्यावर परत तेच महागडे मागवायची गरज नाही, बेकिंगच्या सामानाच्या दुकानातला पार्चमेंट पेपर चालतो, फक्त मेणाचा नको, त्यातून पाणी वर येत नाही. तुकडा ओल्या स्पंजवर टाकून बघा, थोड्या वेळात सपाट चिकटून बसला तर घ्या. आणि पावसाळ्यात स्प्रे प्राइमरच्या भानगडीत पडू नका, दमट हवेत पृष्ठभाग खरबरीत होतो, ब्रशने लावायचा प्राइमर आणा.

घ्यावं का? रोज थोडा थोडाच वेळ मिळत असेल तर नक्की घ्या. पण आधी घरातल्या एखाद्या लॉकवाल्या चपट्या डब्यात किचन स्पंज आणि पार्चमेंट घालून महिनाभर वापरून बघा, शंभर रुपयांच्या आत होतं आणि रंग अगदी तसाच ओला राहतो, वर त्या डब्यांचं रबर सहसा इतक्यात सुटत नाही. विकतच्या स्पंजची जाडी सगळीकडे सारखी असते, कागद सुरकुतत नाही, जास्तीचे पैसे त्याचे. पाचपैकी साडेतीन, पट्टी सुटी विकायला लागले तर साडेचार. माझे मावळे झालेत, आता पोर्तुगीज शिपाई घेतलेत, त्यांच्या स्किन टोनसाठी ऑकर कमी करून पांढरा आणि थोडा लाल घालतोय, सावलीचं डबकं अजून मनासारखं जमलेलं नाही, कोणी केलं असेल तर मिश्रण सांगा.