बेचाळिसाव्या वर्षी टॅलीचा क्लास: जळगाव, नवीपेठेतला अनुभव

मी अमळनेरची. 2004 ला प्रताप कॉलेजातून बी.कॉम. झाले आणि त्याच उन्हाळ्यात लग्न. वर्गातल्या मैत्रिणी आज बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहेत, एक सीए आहे. मी पहिल्या नोकरीसाठी टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, शिकायला बसले तेव्हा बेचाळीस पूर्ण झाली होती. माझ्यासारख्या उशिरा निघालेल्या बायकांना उपयोग व्हावा म्हणून लिहितेय.

आधी घराजवळच्या एका क्लासला गेले होते. "मुलीचं ॲडमिशन का काकू?" माझंच आहे म्हटल्यावर, "झेपेल का तुम्हाला?" तशीच परत आले. फार लागलं होतं ते. सासूबाईंनीच पुन्हा उठवलं, "जाय माय, घरनं मी देखी लिसू."

जळगावच्या सरांनी वय विचारलंच नाही. "ताई, जर्नल एंट्री आठवते का?" एवढंच. म्हणजे व्यवहाराची नावे-जमा नोंद. आठवत होती, म्हणून थेट टॅलीवर बसवलं. तीन महिने, रोज दीड तास, फी साडेसहा हजार.

इथं सराव डाळ मिलच्या बिलांवर होतो, हे मला सगळ्यात आवडलं. 25 किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबलवाल्या डाळीवर जुलै 2022 पासून 5 टक्के जीएसटी आणि 30 किलोच्या कट्ट्यावर काही नाही. टॅलीत स्टॉक आयटम, म्हणजे मालाची नोंद, बनवतानाच हा फरक कसा टाकायचा, ते सरांनी चार दिवस घोटून घेतलं. मुलाखतीत मला नेमकं तेच विचारलं.

बँक रिकन्सिलिएशनच्या, म्हणजे आपल्या नोंदी पासबुकाशी जुळवायच्या, दिवशी सरांनी मुद्दाम एक चूक पेरून ठेवली होती. 900 रुपयांचा फरक, कोणालाच सापडेना. मला कॉलेजात वहीवर शिकलेलं आठवलं: फरकाला नऊने भाग जात असेल तर आधी आकडे उलटे पडलेत का ते बघायचं. एकेक व्हाउचर पासबुकाशी ताडत गेले. पासबुकात 5,410, व्हाउचरला 4,510. शेजारची वीस वर्षांची मुलगी खुर्ची ओढून जवळ आली, "काकू, मला दाखवा ना." तेव्हापासून ती मला शॉर्टकट सांगायची, एफ फाइव्ह पेमेंट, एफ सिक्स रिसीट, मी तिला नावे-जमा.

आता एमआयडीसीतल्या मिलमध्ये अकाउंट्स बघते. पगार 12 हजार. मैत्रिणींच्या मानाने कमीच, पण दर महिन्याच्या 20 तारखेच्या आत थ्री-बी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, मी भरते आणि त्याचा मला अभिमान आहे.

संध्याकाळची बॅच घेऊ नका, एका मशीनवर दोघं बसतात आणि हात बसत नाही. सकाळची घ्या. टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा कर, दोनच दिवसांत उरकतात. मी जादा दोन दिवस मागितले, सरांनी पैसे न घेता दिले. तुम्हीही मागा.