दीड हजाराचा डिफ्यूजर आणि पंधरा रुपयांची फाइल

दिंडोरीकडे माझ्या मावसभावाची दोन एकर द्राक्षबाग आहे. ऑक्टोबरात गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी झाली आणि काडीवरचे डोळे (कोंब) फुटायला लागले की तिथे उडद्या भुंगेरा येतो आणि कोवळे डोळे कुरतडून खातो. भावाचा तो वैरी, माझ्या मॅक्रो, म्हणजे किड्यांच्या अगदी जवळून काढलेल्या फोटोंचा मॉडेल. जेमतेम साडेचार मिलिमीटरचा प्राणी, पण चिंच लावून घासलेल्या तांब्याच्या गडूसारखा चकचकीत. चाहूल लागली की पाय आखडून सरळ खाली पडतो. मग बसा मातीत शोधत.

डिफ्यूजर म्हणजे फ्लॅशचा उजेड मऊ करणारा पडदा. तो तपासायला याच्याइतका खडूस परीक्षक दुसरा नाही. केसाळ सुरवंटाचा फोटो कसल्याही फ्लॅशने बरा येतो. भुंगेऱ्याची पाठ म्हणजे आरसा, त्यात डिफ्यूजर जसाच्या तसा दिसतो. म्हणून यंदा विकतचा एक आणि घरचे तीन, असे चारही डिफ्यूजर मी याच्याच पाठीवर पारखले. मी नाशिकच्या अंबडला कंपनीत रात्रपाळी करतो. सुटलो की डबा आणि कॅमेरा घेऊन परस्पर बागेत. सकाळी दवात किडे गारठलेले असतात, ऊन चढेपर्यंत फारसे हलत नाहीत.

आधी विकतच्याबद्दल. ऑनलाइन मागवला, १,४९० रुपये. विक्रेत्याचं नाव लिहीत नाही, कारण त्याच कापडाचा तसाच माल चार नावांनी विकला जातो. पांढऱ्या कापडाचा चौकोन, मधे लेन्स जाईल एवढं भोक, कडेने स्प्रिंगची तार. गाडीच्या काचेला उन्हासाठी लावतात त्या जाळीसारखी त्याची घडी होते. म्हणजे व्हिडिओतल्या माणसाला होते. मला तीन दिवस लागले, आणि पहिल्या दिवशी तार सुटून चहाच्या कपावर आदळली.

वजनाला हलका आहे, रंग स्वच्छ पांढरा येतो, बॅगेत जागा खात नाही. एवढं त्याच्या बाजूने. पण भुंगेऱ्याच्या पाठीवर पाहिलं तर मऊ उजेडाच्या जागी एक फिकट चौकोन आणि त्याच्या मधोमध पांढराफट्ट डाग. कापडाचा थर एकच, त्यामुळे फ्लॅशचा झोत मधल्या भागावर आपटतो आणि कडा अंधारात राहतात. आकाराने मोठा असून उपयोग काय, उजेड देतोय तो वाटीएवढा तुकडा! शिवाय बागेत मांडवाच्या तारांना आणि काड्यांना सारखा अडकतो. तो अडकला की वेल हलते, वेल हलली की भुंगेरा खाली. विक्रेत्याला फोटो पाठवले. ‘सर, हे नॉर्मल आहे’ असं उत्तर आलं. तोवर परतीची मुदत संपली होती.

मग घरचे प्रयोग. पहिला अर्थातच प्रिंगल्सच्या डब्याचा, मॅक्रो करणारा जवळजवळ प्रत्येक जण तिथूनच सुरुवात करतो. आतून चंदेरी असल्यामुळे उजेड वाया न जाता पुढपर्यंत येतो, तोंडाला ट्रेसिंग पेपर लावला की झालं. मुलांनी चिप्स दोन दिवसांत संपवल्या, त्यामुळे कच्चा माल फुकट. उजेड जोरदार मिळाला, पण तोंड पडलं साडेसात सेंटिमीटरचं. भुंगेऱ्याच्या पाठीवर टिकलीएवढा गोल ठिपका आणि खाली काळीकुट्ट सावली. त्यात दव पडलं आणि ट्रेसिंग पेपर पापडासारखा फुगला.

दुसरा बटर पेपरचा, बेकरीतून मागून आणलेला. आकार चांगला मोठा केला होता, पण फोटोत सगळं पिवळसर आलं. ते संगणकावर दुरुस्त होतं म्हणा, पण मुळात तांबूस किड्यावर पिवळा उजेड पडला की खरा रंग कोणता हेच कळेनासं होतं. दोन दिवसांत टाकून दिला.

तिसऱ्याकडे वळण्याआधी एक गोष्ट सांगतो, कारण माझं डोकं तिथेच उघडलं. सूर्याचा व्यास सुमारे १४ लाख किलोमीटर, तरी दुपारी सावली सुरीने कापल्यासारखी पडते. का? तो इतका लांब आहे की आपल्याला आकाशात जेमतेम अर्ध्या अंशाचा दिसतो. ढग आले की तोच उजेड सगळ्या आभाळातून येतो आणि सावली विरून जाते. म्हणजे डिफ्यूजर मोजपट्टीने किती मोठा हे महत्त्वाचं नाही, किड्याच्या जागी बसून वर बघितलं तर तो किती आभाळ झाकतो हे महत्त्वाचं. माझ्या १०० मिमी मॅक्रो लेन्सने किडा सेन्सरवर खऱ्या आकाराएवढा घ्यायचा तर लेन्सचं तोंड त्याच्यापासून १५ सेंटिमीटरवर येतं. विकतचा चौकोन लेन्सच्या मागच्या बाजूला बसतो, म्हणजे आणखी लांब. घरचा मात्र मी लेन्सच्या पुढे छज्जासारखा काढू शकतो!

तर तिसरा. कॉलेज रोडला स्टेशनरीच्या दुकानात दुधी पांढऱ्या प्लॅस्टिकची फाइल मिळाली, १५ रुपयांना. तिचं एक पान २२ सेंटिमीटर रुंद कापलं आणि लेन्सवर कमानीसारखं वाकवून पुढे सहा सेंटिमीटर बाहेर काढलं. फ्लॅशच्या तोंडावर टीव्हीच्या खोक्यातल्या पातळ पांढऱ्या फोमचे दोन थर भाजीच्या रबराने बांधले. दोन्हींच्या मधे आठ सेंटिमीटर मोकळी जागा ठेवली. सगळी गंमत या मोकळ्या जागेत आहे. फोम झोत फोडतो, मग तो पसरत पसरत फाइलवर येतो आणि अख्खी फाइल सारखी उजळते. मधे फोम काढून बघितला, तर विकतच्यासारखाच डाग परत हजर. वरच्या अंगाला पुठ्ठा आणि आतून पोळ्या गुंडाळायची फॉइल, जोडायला शिंप्याच्या दुकानातलं वेल्क्रो. सगळं मिळून साठ रुपयेही झाले नाहीत.

पहिला फोटो मागच्या पडद्यावर मोठा करून पाहिला आणि बागेतच उकिडवा बसलो. पाठीवर डाग नव्हता. एका कडेकडून दुसरीकडे हळूहळू उतरत जाणारी तांबूस चमक होती, आणि आधी नुसत्या चमकेत बुडालेले बारीक खड्डे एकेक मोजता येत होते. पाठीवरचे काळसर ठिपके, पायाच्या टोकाच्या नख्या, मिशीचा प्रत्येक पेर. पोटाखालीही अंधार नव्हता, कारण पानावर पडलेला उजेड परत वर येत होता.

तोटे आहेतच. दोन थर उजेड खातात. विकतच्याला फ्लॅश पूर्ण जोराच्या एक-अष्टमांशावर पुरायचा, याला एक-चतुर्थांश लागतो. शटर १/२०० सेकंद आणि लेन्सचं छिद्र एफ/११ ठेवतो. या अंतरावर ते उजेडाच्या हिशेबाने एफ/२२ सारखं, म्हणजे आणखी बारीक छिद्रासारखं वागतं, त्यामुळे फ्लॅश कमी करून चालत नाही. परिणामी सेल लवकर उतरतात आणि लागोपाठ चार फोटो मारले की फ्लॅश दम खातो. दुसरं, जोर वाढवला की फ्लॅशचा लखलखाट जास्त वेळ टिकतो, म्हणून वाऱ्यात पान हलत असेल तर कडा किंचित हललेल्या येतात. आणि दिसायला हा प्रकार भयंकर आहे. एकदा पांडवलेणीच्या पायथ्याशी रुईवरचा निळा-पिवळा टोळ टिपत होतो, तर एका आजोबांनी विचारलं, ‘काय हो, ड्रोन पडलाय का?’

विकतच्याला पाचपैकी दोन तारे, तेही घडीला. एकच थर असलेला कुठलाही घेणार असाल तर आधी फ्लॅशच्या तोंडावर फोम बांधून बघा. मी बांधला, तेव्हा तोही निम्मा सुधारला. फाइलवाल्याला साडेचार देतो. अर्धा कापला तो वेल्क्रोपायी, दवात त्याची पकड जाते.

फाइल घ्यायला जाल तर दुकानातच ट्यूबलाइटसमोर धरून बघा. निळसर किंवा पिवळट झाक दिसली तर दुसरी मागा, आणि दोन घ्या. वाकवलेल्या जागी महिन्याभरात पांढरी घडी पडते आणि ती फोटोत रेघ म्हणून येते. माझी दुसरी आत्ताच लागली. भावाने पहिल्या फाइलचे फोटो मोबाइलवर मागवून घेतले, ‘छान आलेत’ म्हणाला आणि दुसऱ्याच दिवशी बागेला फवारणी केली. आता मॉडेल नाहीत. परसातल्या कढीपत्त्यावर लिंबाच्या फुलपाखराच्या अळ्या आल्यात, त्यांच्यावर काम चालू आहे.